फिल्म कॅमेऱ्यासाठी तीनच लेन्स: २८, ५०, १०५ एमएम
निकॉनच्या जुन्या मॅन्युअल लेन्स वापरतोय, २८ एफ २.८, ५० एफ १.८ आणि १०५ एफ २.५ (पहिला आकडा फोकल लेंथ, एमएममध्ये; एफ पुढचा म्हणजे अपर्चर, प्रकाश आत येण्याचं भोक, जास्तीत जास्त किती उघडतं ते), आणि खरं सांगू का, चौथी घ्यावीशीच वाटत नाही. तिन्हींना ५२ एमएमचा फिल्टर बसतो, म्हणजे ब्लॅक अँड व्हाइटला एकच पिवळा फिल्टर पुरतो. २८ मात्र एआय-एस (निकॉनच्या मॅन्युअल लेन्सची नंतरची आवृत्ती) वालीच घ्या, ती २० सेंमीपर्यंत जवळ फोकस होते, पानावरचा थेंब पण येतो आणि मागचं सगळं झाड पण. १०५ पोर्ट्रेटला अप्रतिम, फक्त एक मीटरच्या आत फोकस होत नाही. सेकंडहँड घेताना अपर्चरची पाती टॉर्च मारून बघाच, माझ्या पहिल्या ५० च्या पात्यांवर तेल होतं, ती उशिरा बंद व्हायची आणि जास्त प्रकाश पडून अख्खा रोल ओव्हरएक्स्पोज झाला.