8 तासांची टॉर्च, 2 तासांचा उजेड (रब्बीभर वापरून घरी केलेली टेस्ट)

टॉर्च घेताना बॉक्सवरचे तास अन् किलोमीटर पाहू नका, आतला सेल काढून त्याचं वजन करा. घाई असेल त्यानं एवढंच लक्षात ठेवलं तरी चालते, बाकीच्यांनी पुढं वाचा.

टॉर्च म्हणजे ती आता गावात घरोघरी आहे तीच, एलईडी, झूमवाली, आत 18650 नावाचा एक चार्जिंगचा सेल, टाईप-सी चार्जिंग, 650 रुपये. फीचर सांगत बसत नाही. कंपनीचं नाव घेत नाही, तसाही हाच माल बाजारात वेगवेगळ्या नावानं मिळतो.

चना पेरल्यावर घेतली. शेतीची लाईन रात्रीच्या पाळीत आली की ओलीत रात्रीच करावं लागते, स्प्रिंकलरचे पाईप उचलून पुढच्या पट्ट्यात न्या, नोझल चोक झालं की काडी घालून साफ करा, वरून रोही (नीलगाय) अन् डुकरांसाठी जागल आहेच. सुरुवातीला मी लय खुश होतो, शेजारच्या वावरवाल्यांनाही घ्यायला सांगितलं. मंग थंडीत असं व्हायला लागलं की पाईपची दुसरी बदली करायच्या टायमाला उजेड पिवळट, मेल्यासारखा. पायाखाली पाचोळा आहे का घोणस, हे ज्या उजेडात कळत नाही तो उजेड काय कामाचा?

दुकानात गेलो, बिल होतं. दुकानदार म्हणे, "भाऊ, जळून तर राहिली ना? बॉक्सवर 8 तास लिहिलं, 8 तास जळते." कस्टमर केअरला फोन लावला तर तिथंही तेच, अन् वरून वॉरंटी बल्बची आहे, सेलची नाही. याच बोलण्याचा मला राग आला. म्हटलं आता मोजूनच दाखवतो.

मोजायला खर्च काहीच नाही. मोबाईलमध्ये लक्स (उजेडाचं माप) मोजायचं फुकट ॲप टाका. स्लॅबच्या पांढऱ्या खोलीत रात्री सगळे दिवे बंद करून टॉर्च धान्याच्या कोठीवर उभी ठेवायची, तोंड वर छताकडं, मोबाईल खाली जमिनीवर एका जागी, सेन्सर वर. मोबाईल मधे हलवायचा नाही. पंखा बंदच ठेवा, पाती मधे आली की आकडा नाचते. मोबाईलचा लक्स बिनचूक नसतो, पण आपल्याला किती टक्के उरला एवढंच पाहायचं आहे, त्याला चालते. सुरू केल्याबरोबरचा आकडा धरायचा नाही, 30 सेकंदानंतरचा धरायचा, टॉर्च मोजायचं एएनएसआय एफएल 1 नावाचं स्टँडर्ड आहे त्यातही तसंच आहे.

हाय मोडवर, म्हणजे सगळ्यात जास्त उजेडावर, माझा पहिला आकडा 48. अर्ध्या तासानं 35, तासाभरात 26, दीड तासाला 17, दोन तास भरायच्या आत 10 च्या खाली. मी नोझल हातात धरून पाहिलं, 10 च्या खाली त्याचं भोक दिसत नाही, म्हणून माझ्यासाठी तिथंच टॉर्च संपली. पण ती जळतच होती! पहाटे उठून पाहिलं तरी एलईडीचा ठिपका दिसत होता. म्हणजे दुकानदार खोटं बोलत नव्हता, 8 तास जळते. त्याच स्टँडर्डमध्ये रनटाईम सुरुवातीच्या 10 टक्क्यांवर उजेड आला की संपतो, त्या हिशोबानंही ही पावणेतीन तासांची निघाली. अन् बॉक्सवर स्टँडर्डचं नाव कुठंच नाही, म्हणजे त्यांनी ठिपका विझेपर्यंत घड्याळ चालू ठेवलं असणार.

अंतराचंही तसंच. बॉक्सवर 1 किलोमीटर. पांदणीत 5 मीटरवर मोबाईल धरून लक्स पाहिला, 200 आला. त्याला 5 गुणिले 5 म्हणजे 25 नं गुणलं की 5,000 कँडेला (झोताच्या जोराचं माप), त्याचं वर्गमूळ काढून दुप्पट केलं की मीटर मिळतात, साधारण 140. तेही शेवटाला 0.25 लक्स उरेल एवढं, म्हणजे पुनवेच्या चांदण्याइतका उजेड. तेवढ्यात रोही उभा आहे का झुडूप हे ओळखू येत नाही. खरंच 1 किलोमीटर जायचं तर 5 मीटरवर 10,000 लक्स यायला पाहिजे. ज्याला खोटं वाटते त्यानं आपल्या टॉर्चवर करून पाहावं.

आता सेल. मागचं झाकण उघडलं, सेलवर छापलेलं 4800 एमएएच (सेलमध्ये किती चार्ज मावते त्याचं माप). 18650 म्हणजे 18 मिलिमीटर जाड अन् 65 लांब, एवढ्या डबीत चांगल्यातल्या चांगल्या कंपनीलाही 3500 च्या आसपासच बसवता येते. तालुक्याच्या सोनाराकडं काट्यावर ठेवला, 31 ग्रॅम. चांगला सेल 45 ग्रॅमच्या वर भरतो. पुतण्याचं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे, त्याच्याकडच्या यूएसबी मीटरमधून पूर्ण उतरलेली टॉर्च फुल चार्ज केली तर आत गेले 1450. तो म्हणे, "काका, असल्या चार्जिंगच्या सर्किटमध्ये मीटरवर जेवढं दिसते तेवढंच सेलमध्ये जाते, जास्त कुठून येईन?" छापलं 4800, निघालं 1450! 50 ग्रॅम कमी तोलणाऱ्या भाजीवाल्याशी आपण भांडतो, अन् इथं तिसरा हिस्साही नाही. कास्तकार रात्री एकटा वावरात असतो, त्याच्या हातात हे द्यायचं?

वजनाची चिठ्ठी घेऊन परत दुकानात गेलो. लय बोलाचाली झाली तेव्हा सेल बदलून दिला. तोही सोनाराकडं ठेवला. 31 ग्रॅम.

इथपर्यंत मी या टॉर्चला एकही स्टार देणार नव्हतो. पण नागपूरला काम निघालं तेव्हा बर्डीच्या बाजारातून नावाजलेल्या कंपनीचा 2600 चा सेल आणला, 46 ग्रॅम, 250 रुपये. फ्लॅट टॉपवाला, म्हणजे प्लसचं टोक सपाट असलेला होता, पुढचा पॉईंट टेकत नव्हता, पुतण्यानं स्प्रिंग जरा ओढून दिली. नवीन घ्याल तर बटन टॉप (टोकाला उंचवटा असलेला) मागा, अन् प्रोटेक्शनवाला (आत बचावाचं सर्किट असलेला) सेल दोन-चार मिलिमीटर लांब असतो, झाकण बसते का ते तिथंच पाहून घ्या. पुन्हा तीच खोली, तीच कोठी. हायवर साडेतीन तासांनी 10 ला आली. टॉर्च तीच, एलईडी तोच!

अन् याच्यानंतर जे कळलं ते कोणीच सांगत नाही. मीडियम मोडवर सुरुवातीला फक्त 22 लक्स, हायच्या अर्धाही नाही, पण वावरात दहा-पंधरा मिनिटं चाललं की डोळ्याला कमी वाटतच नाही. डोळा अंधाराला सरावतो, अन् दुप्पट लक्स म्हणजे काही डोळ्याला दुप्पट दिसत नाही. स्प्रिंकलर चालू असताना तर हायचा पांढरा झोत तुषारांवर आपटून वापस डोळ्यातच येते, मीडियमवर तो त्रास कमी. मीडियमवर 10 लक्स यायला सहा तास लागले. एवढ्यात पाळीतल्या सगळ्या बदल्या होतात, जागलीला वर उरते. हाय आता फक्त धुऱ्याकडं खसखस झाली तर, तेही मिनिटभर.

एक खोट राहिलीच. टाईप-सी आहे पण दोन्हीकडून सी असलेल्या केबलनं चार्ज होत नाही, एका टोकाला जुनं चौकोनी यूएसबी असलेलीच लागते. पोर्टवर दोन बारीक रेझिस्टन्स लावलेच नाहीत म्हणून, पुतण्या म्हणे ते पैशा-दोन पैशाचे असतात. एवढ्यात काय वाचवलं यांनी? केबल नाही म्हणून ऐन पाळीच्या दिवशी माझी टॉर्च उतरलेलीच राहिली, ते मी विसरणार नाही.

मे महिन्यात पारा 45 च्या वर जाते तेव्हा टिनाच्या शेडमध्ये दुपारी चार्जिंगला लावू नका, लिथियमच्या सेलला एवढ्या गरमीत चार्ज करायचं नसते. पहाटे लावा, समोर बसून लावा. भंगारातल्या लॅपटॉप बॅटरीचे सेल काढून कोणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नका.

बॉडी मजबूत आहे, दोनदा नालीत पडली तरी चालून राहिली. 650 ला घेऊन तशीच वापरणार असाल तर घेऊ नका. 650 अधिक 250 असे 900 घालायची तयारी असेल तर घ्या, पण तेवढ्यात दुकानात एखादी 46 ग्रॅमचा सेल आधीच टाकलेली मिळते का ते पहिले पहा. दुकानदारानं झाकण उघडू दिलं नाही तर दुसऱ्या दुकानात जा.