फेसलिफ्ट रिकव्हरी किट: उशी जरूर घ्या, पट्टा जपून, बाकीचं सावकाश

फेसलिफ्टची, म्हणजे चेहऱ्याची सैल कातडी ओढून घेण्याच्या ऑपरेशनची, तारीख ठरली की पुढचा शोध सुरू होतो तो सूज लवकर उतरवणाऱ्या वस्तूंचा. त्याला तयार उत्तर म्हणून रिकव्हरी किट विकली जातात. डबा उघडला की साधारण हेच निघतं: हनुवटीखालून डोक्यावर नेऊन बांधायचा कॉम्प्रेशन पट्टा, दोन-चार जेल पॅक, आर्निका या वनस्पतीची क्रीम, ब्रोमेलेन या अननसातल्या द्रव्याच्या कॅप्सूल, व्रणासाठी सिलिकॉन जेल आणि मोठ्या किटमध्ये एक उतरती उशी. आमची मुख्य तक्रार सगळ्याच किटना लागू पडते. यातल्या बहुतेक वस्तू सूज आणि काळेनिळे डाग यांच्या मागे लागलेल्या असतात, आणि त्यातला बराचसा भाग दोन-तीन आठवड्यांत आपसूक ओसरतो. ऑपरेशन खरोखर बिघडवतात ते कातडीखाली साचणारं रक्त आणि निकोटिन. त्यांच्यासाठी डब्यात काहीच नसतं.

आधी पट्ट्याबद्दल, कारण किटचा नायक तोच. 'ओढलेला चेहरा जागेवर धरून ठेवतो' असं वेष्टनावर लिहिलेलं असेल तर ते सोडून द्या. कातडीखालच्या स्मास या थराचं वर्णन मिट्झ आणि पेरोनी यांनी १९७६ साली केलं, आणि आज बहुतेक पद्धतींत मुख्य ओढ त्या थरावर घेतात. तो आतून टाक्यांनी बांधलेला असतो. वरचं कापड त्याला धरून ठेवत नाही. पट्ट्याचं काम त्याहून साधं आहे. उचललेली कातडी खालच्या भागाला अलगद टेकवून ठेवायची आणि सूज थोडी आवरायची. रक्त साचणं तो थांबवत नाही. उलट घट्ट बांधला तर साचलेलं रक्त झाकतो.

घट्टपणाचं माप असं: हनुवटीखाली दोन बोटं सहज आत गेली पाहिजेत. हे माप सकाळी घेऊन भागत नाही, कारण सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असते आणि सकाळी नीट बसलेला पट्टा संध्याकाळी रुतायला लागतो. कानामागची कातडी मुळात पातळ, शस्त्रक्रियेनंतर तिचा रक्तपुरवठा आणखी कमी झालेला. काळी पडायची पहिली भीती तिथेच. वरून दाब आला की त्यात भर पडते. सर्वात नेहमीची चूक म्हणजे पट्ट्याखाली कान दुमडलेला राहणं. ऑपरेशननंतर काही काळ कानाला आणि गालाला स्पर्श जाणवत नाही, त्यामुळे ते कळत नाही. पट्टा काढल्यावर कडेला लाल-जांभळी रेघ दिसते तेव्हा उमजतं. म्हणून बांधल्यावर आरशात दोन्ही कान बघायचे आणि कानामागे गॉजची मऊ घडी ठेवायची.

कानाला भोक असलेले पट्टे दिसायला शहाणे वाटतात, पण भोकाची शिवण नेमकी कानापुढच्या टाक्यांवर येत असेल तर तो पट्टा परत करा. वेल्क्रो टाळूवर यावा. कानाच्या आसपास आला तर केसांत आणि स्टेपल्समध्ये (जखम जोडणाऱ्या धातूच्या पिनांमध्ये) अडकतो. हनुवटीखालचं कापड रुंद हवं. त्याची गुंडाळी होऊन दोरी बनली तर गळ्यावर आडवी खाच पडते. आणि एक पट्टा पुरत नाही. पहिल्या दिवसांत मलम आणि रक्ताळ पाणी लागून तो रोज धुवावा लागतो, त्यामुळे दोन हवेतच. किटमध्ये बहुधा एकच असतो. धुताना सौम्य साबण, हात, सावलीत आडवा टाकून वाळवणं. ऑपरेशनच्या दिवशीची पहिली ड्रेसिंग मात्र सर्जननेच काढायची असते. किटचा पट्टा त्यानंतर. बहुतेक सर्जन आठवडाभर जवळजवळ सतत आणि पुढे काही आठवडे रात्री वापरायला सांगतात, काही जण अजिबातच सांगत नाहीत. तुमच्या सर्जनचं ऐका, पत्रकाचं नव्हे.

उशीला आम्ही पूर्ण गुण देतो. पाठ आणि डोकं तीस ते पंचेचाळीस अंशांवर राहिलं तर चेहऱ्यातलं रक्त आणि पाणी खाली उतरतं. दोन साध्या उशा एकावर एक ठेवून हे जमत नाही, कारण त्या फक्त डोकं उचलतात, हनुवटी छातीकडे जाते आणि मान मुडपते. मग मानेतून परतणारं रक्त अडतं आणि मानेच्या टाक्यांवर दाब येतो. उतरती उशी कमरेपासून सुरू होणारी, लांब हवी. फक्त खांद्यापर्यंतची असेल तर तीच चूक पुन्हा. ऑपरेशनच्या आठवडाभर आधी तिच्यावर झोपून बघा. कूस बदलायची सवय असेल तर दोन्ही बाजूंना लोड ठेवा. गळ्याभोवतीची प्रवासी उशी वापरू नका, ती कानामागच्या टाक्यांवरच घासते.

जेल पॅक फ्रीजरमध्ये ठेवू नका. तिथून ते दगडासारखे निघतात आणि गालाला तर संवेदना नाही, त्यामुळे थंडीने कातडी भाजली तरी कळत नाही. साध्या फ्रीजमध्ये गार करून, कापडात गुंडाळून, पंधरा मिनिटं, आणि तेही सर्जनची परवानगी असेल तर. पहिल्या दोन-तीन दिवसांनंतर त्यांचा फारसा उपयोग उरत नाही. बधिरपणाचीच दुसरी बाजू म्हणजे हेअर ड्रायर: काही महिने तो थंड हवेवरच. दाढी करणाऱ्यांनी ब्लेडऐवजी इलेक्ट्रिक ट्रिमर घ्यावा.

आर्निका आणि ब्रोमेलेनसाठी ठोस पुरावा तुटपुंजा आहे. क्रीम टाक्यांपासून दूर लावली तर बहुधा नुकसान नाही. कॅप्सूल मात्र ऑपरेशनच्या आधीपासून घ्या असं पत्रकात असेल, तर सर्जनला दाखवल्याशिवाय एकही घेऊ नका. ब्रोमेलेनने रक्तस्राव वाढू शकतो. लसूण, जिंको, जिनसेंगच्या गोळ्या, माशाचं तेल, ई जीवनसत्त्व, आयब्युप्रोफेन ही यादी साधारण दोन आठवडे आधी बंद करायला सांगतात ती त्याच भीतीने. हृदयासाठी लिहून दिलेली ॲस्पिरिन मात्र स्वतःच्या मनाने थांबवायची नाही. तो निर्णय सर्जन आणि हृदयरोगतज्ज्ञ मिळून घेतात.

डब्यात नसलेल्या, पण खरोखर लागणाऱ्या वस्तूंत पहिलं बीपी मशीन. कातडीखाली रक्त साचण्याचा धोका पहिल्या चोवीस तासांत सर्वाधिक, पुरुषांत जास्त, आणि त्याचं मोठं कारण चढलेला रक्तदाब. वरचा आकडा किती झाला की फोन करायचा हे घरी जाण्याआधीच विचारून कागदावर लिहून घ्या. खोकला, उलटी आणि शौचाला कुंथणं यांनीही दाब चढतो. तीव्र वेदनाशामकांनी बद्धकोष्ठ होतो, म्हणून शौच मऊ करणारं औषध आधीच विचारून ठेवा. ते फुकट जात नाही. दोन्ही गाल सारखे सुजले तर काळजी नाही. एकच गाल तासातासाला फुगतोय, टणक होतोय, त्याच बाजूला दुखणं वाढतंय आणि पट्टा तिकडेच आवळतोय, तर बर्फ लावत बसू नका, पट्टा सैल करून लगेच सर्जनला गाठा. ते रक्त तातडीने काढावं लागतं, नाहीतर वरची कातडी मरते.

निकोटिनसाठी कोणतंच किट नाही. निदान चार आठवडे आधी आणि चार आठवडे नंतर पूर्ण बंद, आणि त्यात व्हेप, पॅच, च्युइंगम सगळं आलं, कारण रक्तवाहिन्या आकुंचन पावतात त्या निकोटिनने. धूर असो वा नसो. बाकी किरकोळ: पुढून बटणांचा शर्ट, रुंद दातांचा कंगवा, बेबी शाम्पू, टाक्यांवर लावायचं मलम. हायड्रोजन पेरॉक्साइडने टाके रोज पुसू नका, नव्या पेशींनाही ते इजा करतं. केस रंगवायचे असतील तर ऑपरेशनच्या आधी. नंतर महिनाभर तरी नाही.

राहिलं सिलिकॉन जेल. वस्तू चांगली, पण किटमध्ये असल्यामुळे लोक पहिल्याच आठवड्यात उघडतात. कानापुढचे टाके पाच-सात दिवसांत निघतात, केसांतले स्टेपल्स सात-दहा. जखम पूर्ण मिटून खपली गळल्यावरच जेल लावायचं, म्हणजे साधारण तिसऱ्या आठवड्यापासून. अगदी पातळ थर, दिवसातून दोनदा, वाळेपर्यंत हात लावायचा नाही, निदान दोन-तीन महिने. चिकटणाऱ्या सिलिकॉन पट्ट्या कानामागे केस आणि वळण यांमुळे टिकत नाहीत, तेव्हा तिथे जेलच. तोवर ट्यूब बंदच ठेवा, आणि विकत घेताना तिची मुदत बघून घ्या.