एन ४७०० च्या नावाखाली भलतंच सिरॅमिक: पल्ससाठी कपॅसिटर घेणाऱ्यांनो, सावध राहा

कपॅसिटरच्या लेबलवर '३० किलोव्होल्ट, २००० पिकोफॅरड, एन ४७००' (एन ४७०० म्हणजे तापमान चढलं की अंशागणिक दशलक्षात ४७०० भागांनी कपॅसिटी, म्हणजे विद्युतभार साठवायची क्षमता, घटणारं सिरॅमिक). २४ नग, पूर्ण रक्कम आगाऊ. त्यातले ५ पल्स सर्किटमध्ये फुटले, १९ नुसते पडून आहेत.

संताप येतो तो विक्रेत्याने आधीच पाठवलेल्या ड्रॉइंगचा. इलेक्ट्रोडचा व्यास ३० मिलिमीटर, चकतीची जाडी १० मिलिमीटर, स्पष्ट छापलेलं. एवढ्या मापात २००० पिकोफॅरड बसवायचे तर डायइलेक्ट्रिक स्थिरांक (इलेक्ट्रोडमधल्या पदार्थामुळे कपॅसिटी किती पट होते तो आकडा) ३२०० च्या आसपास लागतो. हा आकडा बेरियम टायटेनेट या वेगळ्या सिरॅमिकचा, एन ४७०० चा नव्हे. विचारलं तर म्हणे "नवा फॉर्म्युला आहे". व्यवहार तिथेच मोडायला हवा होता! पण सोबत एलसीआर मीटरचा (कपॅसिटी मोजायच्या यंत्राचा) फोटो होता, १९८० पिकोफॅरड. माल आल्यावर आमच्या मीटरवरही तेच. मग संशय घ्यायचा कशावर?

मेख इथेच आहे. एलसीआर मीटर साधारण १ व्होल्टवर मोजतो; बेरियम टायटेनेटची कपॅसिटी व्होल्टेज चढलं की कोसळते. म्हणून नग १० मेगओहमच्या रेझिस्टरमधून १५ किलोव्होल्टला चार्ज करा, हाय व्होल्टेज रिलेने १ मायक्रोफॅरडच्या फिल्म कपॅसिटरवर रिकामा करा. खरे २००० पिकोफॅरड असतील तर त्यावर ३० व्होल्ट यायला हवेत. आले १८, म्हणजे प्रत्यक्षात १२०० पिकोफॅरड. (हात लावण्याआधी दोन्ही कपॅसिटर रेझिस्टरमधून रिकामे करून शॉर्ट करा.)

हाय व्होल्टेज नसेल तर नग शून्य अंशांपर्यंत थंड करा. एन ४७०० ची कपॅसिटी २५ अंशांच्या तुलनेत सुमारे १२ टक्के वाढते. यांची घटली. ८५ अंशांवर एन ४७०० सुमारे २८ टक्के उतरतो, हे ७४ टक्के उतरले. लॉस फॅक्टर (उष्णता होऊन वाया जाणाऱ्या ऊर्जेचं माप) ०.१ टक्का सांगितला होता, निघाला २.१. पल्सचा वेग वाढवला की ही सगळी उष्णता चकतीतच साठते, एपॉक्सी इलेक्ट्रोडच्या कडेला सुटतं, पोकळीत डिस्चार्ज सुरू होतो. फुटलेल्या पाचही नगांवर कडेपासून आत गेलेली काळी रेघ आहे.

तक्रार केली. विक्री मंचाने लेबल आणि मीटरचा आकडा जुळतोय म्हणून प्रकरण बंद केलं. पेमेंट कंपनी म्हणाली, माल पोचला ना? पोलिसांच्या तक्रार कक्षात डायइलेक्ट्रिक समजावून सांगितलं, तर "वस्तू मिळाली, मग फसवणूक कसली" हे ऐकवलं. पुढे मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवाल मागितला, तो येईपर्यंत परताव्याची मुदत संपली. म्हणजे फसवणाऱ्याने फक्त १ व्होल्टला खरं उतरायचं आणि फसलेल्याने ३० किलोव्होल्टचा पुरावा आणायचा, तोही मुदतीत!

ऑर्डर देण्याआधी कपॅसिटी विरुद्ध डीसी व्होल्टेजचा आलेख लेखी मागा. टाळाटाळ झाली तर पैसे देऊ नका. नमुन्याला २ नग घ्या. थंडीची चाचणी पहिल्याच दिवशी करा. एक नग फोडायची तयारी ठेवा, आतल्या चकतीचं माप घ्या. फुटलेले तुकडे टाकू नका. नगाचा क्रमांक दिसेल असा फोटो मोजपट्टीसह काढा.