गळा काढला की हंबरडा फोडला? कथालेखकाच्या उपयोगाचे दोन कोश

शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई डिजिटल ग्रंथालयाने जे मराठी कोश महाजालावर विनामूल्य खुले केले आहेत, त्यांपैकी मोल्सवर्थचा १८५७ सालचा मराठी-इंग्रजी कोश आणि दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' हे दोन मी कथा लिहिताना सतत उघडे ठेवतो. हे परीक्षण तेवढ्याच उपयोगापुरते आहे.

मोल्सवर्थमध्ये मराठी शब्दांप्रमाणेच त्यांच्या इंग्रजी अर्थांतही शोध घेता येतो, ही मोठी सोय होय. रडण्यासाठीचा इंग्रजी शब्द दिला की मराठी शब्दांची रांग समोर येते. अंत्यविधीनंतरच्या प्रसंगात 'ती मुसमुसत होती' असे लिहिले तर वाचक दाराआड तिच्याजवळ जाऊन बसतो, 'तिने हंबरडा फोडला' म्हटले तर सारी आळी अंगणात गोळा होते, आणि 'तिने गळा काढला' म्हणताच निवेदकाचा तिच्या दुःखावर फारसा विश्वास नाही, हे एकही विशेषण न वापरता वाचकाच्या ध्यानात येते. हा तिरकस सूर मात्र इंग्रजी प्रतिशब्दात सहसा उतरत नाही.

तेथे दाते-कर्वे कामी येतात. या कोशात अर्थ मराठीतूनच दिलेले असून संतकाव्य, बखरी इत्यादींतील अवतरणांमुळे शब्द कोणाच्या तोंडी आणि कोणत्या संगतीत वावरला, हे दिसते. शिवाय वऱ्हाडी, कोकणी, गोमंतकी अशा खुणा शब्दांपुढे असल्यामुळे मालवणच्या आजीला नागपुरी बोलायला लावण्याची नामुष्की टळते. माझ्या मते केवळ या खुणांसाठीसुद्धा हा कोश हाताशी असावा.

दोन्ही कोश १९६२च्या शुद्धलेखन-नियमांपूर्वीचे असल्याने 'रडणे' शोधताना 'रडणें' हे जुने वळण लक्षात ठेवावे लागते. नवख्याला ते जाचक वाटेल. खरी अडचण बदललेल्या अर्थांची आहे. जुन्या कोशातला 'मस्त' हा माजावर आलेल्या हत्तीचा शब्द आहे, परंतु पेशवाईतील कथेत 'मस्त हत्ती' आला तर आजचा वाचक दचकण्याऐवजी हसेल, याची सूचना तेथे मिळणे शक्य नाही; त्यासाठी मी कच्चा मसुदा घरच्यांना मोठ्याने वाचून दाखवतो.