सात-आठ महिने, तीन शहरं आणि फोनमधलं ई-सिम: वापरानंतरचा अनुभव

शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत मी निर्यातीचं काम बघतो. ग्राहक युरोपात, त्यामुळे वर्षाला दोन-तीन फेऱ्या होतात. दर फेरीत विमान बदलताना कुठल्या तरी शहरात नऊ तास, बारा तास, कधी दीड दिवस हाताशी असतो. इतकी वर्षं तो वेळ मी विमानतळावरच्या खुर्चीत बसून घालवला. गेल्या नोव्हेंबरपासून ठरवलं, बाहेर पडायचं. त्यासाठी एका ऑनलाइन कंपनीचं युरोपचं ई-सिम (कार्ड न घालता फोनमध्येच उतरवून घ्यायचं सिम) घेतलं आणि आतापर्यंत तीन वेळा वापरलं: ॲमस्टरडॅम, झुरिक आणि व्हिएन्ना. कंपनीचं नाव देत नाही, कारण माझे बरेचसे अनुभव कुठल्याही ई-सिमला लागू पडतील.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते आधीच सांगतो. मोबाईल डेटाचं सगळं काम कोल्हापुरात, स्वतःच्या घरात, स्वतःच्या वायफायवर उरकून निघा. तिथे उतरल्यावर करू म्हणाल तर मोजून मिळालेल्या चार तासांतला एक तास त्यातच जातो.

फोन ई-सिम घेतो का, हे बघायला *#०६# डायल करा. यादीत ईआयडी नावाचा लांबलचक आकडा दिसला, म्हणजे घेतो. माझी खरी अडचण पुढे आली. क्यूआर कोड ईमेलवर आला तो त्याच फोनवर, आणि स्कॅनही त्याच फोनने करायचा! कोड हाताने टाकायची सोय असते, पण ती अक्षरांची माळ बघूनच माझा धीर सुटला. शेवटी राजारामपुरीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी झेरॉक्सचं दुकान आहे, तिथून प्रिंट काढून आणली. जेवणाच्या टेबलावर कागद सपाट केला, फोन वर धरला, आणि मिनिटभरात पडद्यावर दुसरी लाइन उमटली. तिला ‘युरोप’ असं नाव दिलं. तो कागद आजही पासपोर्टच्या पाकिटात आहे. मात्र एकदा टाकलेलं ई-सिम चुकूनही डिलीट करू नका, बहुतेक कंपन्यांचा कोड दुसऱ्यांदा चालत नाही. मुदत कधी सुरू होते तेही वाचून घ्या. माझ्या प्लॅनमध्ये ती तिथलं नेटवर्क पकडल्यावर सुरू होते, काहींची मात्र घरी टाकल्या क्षणापासून सुरू होते.

पहिल्या फेरीत मी एक चूक केली. बिल येईल या भीतीने भारतीय सिम पूर्ण बंद करून टाकलं. ॲमस्टरडॅमला म्युझियमचं तिकीट काढायला गेलो, तर बँकेचा ओटीपी येईना. येणार कुठून? ई-सिम नुसत्या डेटाचं होतं, त्याला फोन नंबरच नसतो. तेव्हा भारतीय लाइन चालू ठेवायची, तिच्यावर आंतरराष्ट्रीय रोमिंग निघण्यापूर्वीच सुरू करून घ्यायचं, पण त्या लाइनचं डेटा रोमिंग बंद ठेवायचं. येणाऱ्या एसएमएसला माझ्याकडून कधी पैसे कापलेले नाहीत. येणारा कॉल उचलला की मात्र मीटर पडतो. कसबा बावड्याला आई असते, ती नेहमी साधा फोन लावते. तिच्या फोनवर व्हॉट्सॲपचं चित्र पहिल्या पडद्यावर आणून ठेवलं आणि त्यावरूनच फोन करायचा हे दोन संध्याकाळी बसून शिकवलं. व्हिएन्नाला तिचा पहिला व्हिडिओ कॉल आला तेव्हा मी ट्राममध्ये होतो. तिला खिडकीतून सगळी रिंग, म्हणजे जुन्या शहराभोवतीचा गोल रस्ता, दाखवली.

वेळेचा हिशोब मी परतीपासून उलटा करतो. ॲमस्टरडॅमला सकाळी सातला उतरलो, पुढचं विमान चारचं. म्हणजे दीडला परत विमानतळावर. पासपोर्टची रांग, बॅग लॉकरमध्ये टाकणं यात सव्वा तास गेला. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेन देशांनी (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांच्या गटाने) पासपोर्टवरच्या शिक्क्याच्या जागी बोटांचे ठसे आणि फोटो घ्यायची पद्धत टप्प्याटप्प्याने आणली आहे, त्यामुळे आता या पायरीला मी जास्तच वेळ धरतो. स्टेशन स्खिपोल विमानतळाच्या पोटातच आहे, तिथून पंधरा-सतरा मिनिटांत मुख्य स्टेशन. तिकीट वेगळं काढावं लागत नाही. बँकेचं कॉन्टॅक्टलेस कार्ड आत जाताना टेकवायचं आणि बाहेर पडताना तेच कार्ड पुन्हा टेकवायचं. बाहेर पडताना टेकवायला विसरलात तर जास्त पैसे कापले जातात. आपल्याकडच्या कार्डांवर परदेशातले व्यवहार आणि कॉन्टॅक्टलेस हे दोन्ही सुरुवातीला बंद असतात, बँकेच्या ॲपमध्ये जाऊन आधी चालू करून घ्या.

म्युझियम हुकलं, म्हणून कालव्यांच्या काठाने नुसता चालत राहिलो, आणि तीच सकाळ आता सगळ्यात जास्त आठवते. फुटपाथच्या कडेला कमरेएवढे तांबूस खांब उभे असतात, वर एकाखाली एक तीन फुल्या. गाड्या फुटपाथवर चढू नयेत म्हणून लावलेले. त्यातले जुने बिडाचे. आमच्या धंद्यातला माणूस असल्या गोष्टीपाशी थांबतोच. मी एकापाशी उकिडवा बसून पार्टिंग लाइन, म्हणजे साच्याचे दोन भाग जुळतात ती रेघ, शोधली. रंगाचे इतके थर बसलेत की फुलीच्या कडा गोल झाल्यात, पण हात फिरवला तर साच्याचा सांधा बोटाला लागतो. नंतर स्टेशनच्या मागच्या दाराने बाहेर पडून फेरीने पलीकडच्या काठाला जाऊन आलो. ती फुकट असते.

झुरिकला मात्र फसलो. प्लॅनचं नाव ‘युरोप’, त्यामुळे देशांची यादी उघडून बघितलीच नव्हती. विमानतळावर वायफाय होतं, काही जाणवलं नाही. ट्रेन सुटली आणि फोनवरचे दांडे गायब. कारण घरी आल्यावर नीट समजून घेतलं. शेंगेन आणि युरोपियन युनियन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्वित्झर्लंड शेंगेनमध्ये आहे, म्हणून व्हिसा चालतो. युनियनमध्ये नाही, म्हणून चलन फ्रँक. आणि १५ जून २०१७ पासून युनियनमध्ये जो घरच्या दराने रोमिंगचा नियम आहे, त्यात नॉर्वे, आइसलँड, लिख्टेनश्टाइन येतात, पण स्वित्झर्लंड येत नाही. म्हणून युरोप नावाच्या कित्येक प्लॅनमधून तो वगळलेला असतो. ब्रिटनचंही तसंच. विकणाऱ्याने हे पहिल्या ओळीत लिहायला हवं, असं माझं स्पष्ट मत आहे. माझ्या प्लॅनमध्ये ते ‘अधिक माहिती’च्या खाली दडलेलं होतं.

नकाशा मी घरीच डाउनलोड करून घेतला होता, त्याने तारलं. जीपीएसला इंटरनेट लागत नाही, निळा ठिपका बरोबर सरकत राहतो. स्टेशनवरून बानहोफश्ट्रासेने सरळ चालत गेलं की तळं लागतं, तसा गेलो आणि आलो. पण त्याच वेळात इटलीतल्या ग्राहकाने दुसऱ्या दिवशीच्या बैठकीची वेळ बदलल्याचा मेल टाकला होता. तो मला तीन तासांनी विमानतळावर दिसला. सॅम्पल बॅगेत, मालकांचा विश्वास डोक्यावर, आणि उत्तराला तीन तास उशीर. ते फार लागलं मला. आता विमान बदलायचा देशसुद्धा यादीत आहे का, हे बघितल्याशिवाय प्लॅन घेत नाही.

व्हिएन्नाला बायको बरोबर होती आणि पूर्ण दीड दिवस होता. तोवर सगळं अंगवळणी पडलं होतं. विमानतळावरून रेल्वेने पंधरा मिनिटांत मुख्य स्टेशन. श्टेफान्सडोम या मोठ्या चर्चच्या दक्षिण मनोऱ्याच्या ३४३ पायऱ्या बायको न थांबता चढली. रविवार होता, त्या दिवशी तिथे दुकानं बंद असतात, स्टेशनातलं किराणा दुकान तेवढं उघडं. तेव्हा खरेदीचा बेत असेल तर वार बघून तिकीट काढा. पाण्याची बाटली मात्र विकत घेऊ नका. १८७३ पासून आल्प्समधल्या झऱ्यांचं पाणी नळाने या शहरात येतं, रस्त्यावरच्या नळावर बाटली भरायची. काळम्मावाडी धरणातून कोल्हापूरला पाणी आणणाऱ्या थेट पाईपलाईनची वर्षानुवर्षं वाट बघितलेली आम्ही दोघं, त्या नळापाशी बराच वेळ उभे राहिलो.

डेटा किती लागतो? नकाशा, मेल, व्हॉट्सॲप, थोडे कॉल असं धरून मला दिवसाला ४०० एमबीच्या आत लागलं. पाच जीबीचा प्लॅन दोघांनी हॉटस्पॉटवर वापरूनही संपला नाही. फक्त फोटोंचा बॅकअप मोबाईल डेटावर बंद करा. पहिल्या फेरीत एका रात्रीत त्याने माझा एक जीबी खाल्ला होता. बॅटरीही लवकर उतरते, पॉवर बँक हातातल्या बॅगेत ठेवा, चेक-इनच्या सामानात ती चालत नाही. मदत हवी असेल तर फक्त चॅट, आणि चॅटला इंटरनेट लागतं. ज्याचं इंटरनेटच बंद पडलंय त्याने काय करायचं? ही माझी या सेवेवरची सगळ्यात मोठी तक्रार, आणि ती तीन फेऱ्यांनंतरही कायम आहे. एवढं सोडलं तर पैसे वसूल. पुढच्या फेरीलाही हेच घेणार आहे.

परवा भाचा आला होता. शिकायला डब्लिनला निघालाय, वाटेत ॲमस्टरडॅमला अकरा तास. मामा, बाहेर कुठं कुठं जाऊ, म्हणून वही घेऊनच बसला. त्याचा पासपोर्ट उघडून बघितला. व्हिसा आयर्लंडचा. आयर्लंड युनियनमध्ये आहे, म्हणून माझ्यासारखंच ई-सिम त्याला दोन्हीकडे चालेल. पण शेंगेनमध्ये नाही, म्हणून त्या व्हिसावर ॲमस्टरडॅममध्ये विमानतळाबाहेर पाऊल टाकता येणार नाही. पोराचा चेहरा उतरला. मग दोघांनी मिळून त्याचं ई-सिम टाकलं, झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट आणून, त्याच टेबलावर.