मागच्या बाकावरून कायदा: सोडत की दहा मिनिटं?

ब्रिटनच्या कॉमन्स सभागृहात मंत्रिपद नसलेल्या खासदाराला विधेयक आणायचं तर सोडत हीच खरी वाट. अधिवेशनाच्या सुरुवातीला 20 नावं निघतात. पहिल्या सातांत नाव आलं तरच शुक्रवारी पुरेशी चर्चा मिळते. 1967 चा गर्भपात कायदा डेव्हिड स्टील यांनी असाच आणला. पण शुक्रवारी खासदार मतदारसंघात पांगतात. विरोधक अडीचपर्यंत, म्हणजे चर्चेची वेळ संपेपर्यंत, भाषण ताणतो, आणि चर्चा थांबवून विधेयक मतास टाकायला बाजूने 100 मतं लागतात. तेवढी माणसं आधीच गोळा केली नाहीत तर विधेयक गेलंच म्हणायचं.

दुसरी वाट दहा मिनिटांच्या नियमाची: विधेयक मांडू द्या म्हणून खासदाराला दहा मिनिटं मिळतात. त्यात मंगळवारी किंवा बुधवारी, प्रश्नोत्तरांनंतर, भरल्या सभागृहात बोलता येतं. प्रसिद्धी भरपूर, कायदा मात्र क्वचितच.