तिरुवनंतपुरमचं इंडियन कॉफी हाऊस: घर बांधणाऱ्याने इथं एकदा बसावंच

तिरुवनंतपुरमला रेल्वेने उतरलं की समोरच थंपानूरचा एस.टी. स्टँड आहे, आणि त्याला लागूनच विटेच्या रंगाची एक गोल इमारत. तिच्या भिंतीत छोट्या छोट्या भोकांच्या रांगा तिरप्या चढत वर गेल्यात. हेच इंडियन कॉफी हाऊस, केरळात स्वस्त आणि साधी विटांची घरं बांधणारे आर्किटेक्ट लॉरी बेकर यांनी बांधलेलं. मी मिरज भागात छोटी घरं बांधून देतो. विटा, वाळू, सिमेंट यातच दिवस जातो, त्यामुळे बेकरांचं नाव ऐकून होतो, फोटोही पाहिले होते. पण ही इमारत फोटोत कळत नाही. आत चालत गेल्यावरच कळते.

आत शिरल्यावर आईने आधी विचारलं, "अरे, जिना कुठं आहे?" जिना नाहीच. मजलेही नाहीत. एकच रॅम्प स्क्रूच्या आट्यासारखा फिरत फिरत वर जातो, आणि त्या रॅम्पवरच हॉटेल आहे. बाहेरच्या भिंतीला लागून टेबलं आणि बाकं, मधल्या गोल गाभ्यात स्वच्छतागृहासारख्या सोयी, आणि या दोन्हींच्या मधून वाट. गुडघे धरलेली माझी आई कठड्याला हात लावून बरीच वर चढली. तिला पायऱ्या चढायला सांगितल्या असत्या तर ती खालच्याच टेबलावर बसली असती.

जमीन चढती, पण टेबल आणि बाक मात्र पातळीत. प्रत्येक जोडी मागच्यापेक्षा किंचित वर. ही बसायची सोय सुट्या फर्निचरची नाही, बांधकामातच केलेली आहे. म्हणजे सुताराचं बिल नाही, खुर्च्या मोडायची भानगड नाही, आणि टेबलं सरकून वाट अडत नाही. माझा हात आपोआप टेबलाच्या कडेवर फिरला. माणसांच्या हातांनी ती कड गुळगुळीत झाली आहे. आमच्या धंद्यात कोपऱ्याला धार ठेवली की काम 'फिनिशिंगचं' समजतात. हात जिथं रोज लागणार तिथं गोलाईच हवी, हे इथं बसल्यावर पटतं.

आता भिंतीतल्या त्या भोकांबद्दल, म्हणजे जाळीबद्दल. भिंत रचताना विटांमध्ये ठरावीक अंतर सोडत गेलं की जाळी होते. तिला चौकट लागत नाही, झडप नाही, गज नाही, काच नाही, वरून तुळई घालावी लागत नाही. घराच्या एस्टिमेटमध्ये खिडक्यांचा आकडा किती मोठा असतो हे ज्याने घर बांधलंय त्याला विचारा. जाळीतून वारा येतो, आणि उन्हाचा झोत फुटून बारीक होऊन येतो. सकाळी आम्ही बसलो होतो तेव्हा टेबलावर चौकोनी कवडसे पडले होते. कॉफीच्या कपाच्या कानावर एक, आईच्या पदरावर दोन. बाहेर बसचे हॉर्न चालू, पण डोळ्यांवर ऊन येत नव्हतं. आमच्याकडे हायवेच्या एका हॉटेलात पश्चिमेला सबंध काचेची भिंत केली आहे. दुपारी तिथं पडदे ओढून, दिवे लावून, एसी सुरू करून बसावं लागतं. काचेला पैसे दिले, मग ती झाकायला पुन्हा दिले.

गोल आकाराचाही साधा हिशेब आहे. हजार चौरस फुटांच्या चौरस खोलीला भोवती साधारण 126 फूट भिंत लागते. तेवढ्याच जागेच्या गोल खोलीला 112 फूट. तेवढी वीट, तेवढा माल, तेवढी मजुरी वाचते. अर्थात गोल भिंतीला गवंडी हाताचा चांगला हवा, कारण दोरी ताणून थर लावता येत नाही. आणि लोखंडी कपाट गोल भिंतीला टेकत नाही, म्हणून घरासाठी मी सरसकट गोल सुचवणार नाही. कॉफी हाऊसला कपाटं लागत नाहीत, तिथं तो आकार शंभर टक्के बरोबर बसलाय.

बेकर मूळचे बर्मिंगहॅमचे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात चीनमधून परतताना बोटीसाठी मुंबईत अडकले आणि तिथं गांधीजींना भेटले. पायात कापडाच्या चिंध्यांचे जोडे होते, ते गांधीजींच्या नजरेत भरले. घर पाच मैलांच्या परिसरात मिळणाऱ्या सामानातून बांधावं, ही गांधीजींची गोष्ट बेकर पुढे आयुष्यभर सांगत राहिले आणि तशी बांधतही राहिले. केरळात त्यांनी वीट आडवी न लावता उभ्या कडेवर लावून आत पोकळी सोडायची पद्धत खूप वापरली, 'रॅट ट्रॅप बाँड'. विटा साधारण पंचवीस टक्के कमी लागतात आणि भिंत कमी तापते. आमच्याकडे हे सांगितलं की गिऱ्हाईक विचारतं, "भिंत पोकळ? टिकेल का?" नीट बांधली तर टिकते. केरळच्या पावसात उभी आहेत ती घरं.

खाण्याचं सांगतो. मसाला डोशाच्या भाजीत बीट असतं, त्यामुळे ती लालभडक दिसते. बायकोला आवडली, आईने बाजूला सारली. कटलेटही तसंच लाल, गरम आणि खरपूस. कॉफी दुधाळ, गोड. चव साधी, घरगुती, आणि बिल बघून बरं वाटतं. वाढपी पांढऱ्या गणवेशात, डोक्यावर कडक तुऱ्याचा फेटा, आणि हातात ताटं घेऊन तो चढ सहज चढतात. हे हॉटेल कामगारांच्या सहकारी संस्थेचं आहे. 1950 च्या दशकात सरकारी कॉफी बोर्डाने आपली कॉफी हाऊसेस बंद केली, तेव्हा केरळचे कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने कामगारांनी सोसायट्या काढून ती स्वतः चालवायला घेतली. केरळातलं पहिलं 1958 साली त्रिशूरला. आमचा सांगली-कोल्हापूर भाग सहकारावरच उभा राहिलेला, त्यामुळे याचं मला विशेष अप्रूप वाटलं.

जाणार असाल तर सकाळी जा, आणि खाली जागा असली तरी दोन वेढे वर चढून बसा. घरात जाळी करायचा विचार असेल तर दोन गोष्टी आपल्याकडे वेगळ्या धराव्या लागतील. डासांसाठी आतून बारीक जाळी बसवायची, आणि पश्चिमेच्या पावसासाठी छज्जा चांगला दोन-अडीच फूट बाहेर काढायचा. वीटही निवडून घ्यावी लागते. आपल्या भट्टीची वाकडी वीट गिलाव्याखाली खपून जाते, जाळीत खपत नाही. हाताशी आणखी अर्धा दिवस असेल तर शहरातच उल्लूरला सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीज या संशोधन संस्थेचा परिसर बघा, तोही बेकरांनीच बांधला. चालू संस्था आहे, तेव्हा आधी परवानगी विचारून जा.